सरांचं शुद्धिपत्र

सर माझ्या छापखान्यात पहिल्यांदा आले ते हाताने लिहिलेली नऊ पानं घेऊन. दुपारची वेळ होती. बाहेर दाल बाजारात पोती उतरत होती आणि मी एका लग्नपत्रिकेतल्या सतरा काका-मामांची नावं मानाप्रमाणे लावत बसले होते. सरांनी पानं टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "हे छापायचंय. आधी वाचून घ्या."

मी दोन पानं चाळली. "होऊन जाईल, सर. परवा घेऊन जा."

"समजलं का?"

"मी टाइप करते, सर. समजून नाही घेत."

मी हे अगदी सहज बोलले. वीस वर्षं हेच करत होते. पण सरांचा चेहरा एकदम पडला. त्यांनी पानं परत आपल्याकडे ओढली, खिशातून लाल पेन काढलं आणि म्हणाले, "म्हणजे हे पत्र फेल. वाचणारीला समजून घ्यावंसंच वाटलं नाही." आणि तिथेच, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर, दोन तास खाडाखोड करत बसले. नऊ पानांची चार झाली तेव्हा उठले.

तेव्हा ते आमच्या भागाचे विधायक होऊन चारच महिने झाले होते. पुण्याची पाहुणेमंडळी 'आमदार' म्हणतात, पण ग्वाल्हेरात आम्ही मराठी माणसंसुद्धा विधायकच म्हणतो. सरांना मात्र कुणीच विधायकजी म्हणत नसे. लष्कर नावाच्या आमच्या जुन्या पेठेतल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं. अर्ध्या मतदारांनी त्यांच्या हातून कान पिळून घेतले होते आणि उरलेल्या अर्ध्यांच्या मुलांनी. तिकिटावरून दोन बड्या लोकांची जुंपली, दोघांपैकी कुणीच मागे हटेना, तेव्हा पक्षाने वैतागून एका निवृत्त, निरुपद्रवी मास्तरचं नाव पुढे केलं. ते निवडून आले. निरुपद्रवी नव्हते, हे पक्षाला नंतर कळलं.

सर सगळ्यांना 'आपण' म्हणत. मला आपण, रिक्षावाल्याला आप, वर्गातल्या नापास मुलालासुद्धा "आपण गृहपाठ का केला नाहीत?" एकट्या काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते 'तू' म्हणत आणि काकू त्यांना भरचौकात "अहो, तुम्हाला काही कळतं का?" असं विचारत. एकदा मी काकूंना म्हटलं, "काकू, विधायक आहेत ते आता." त्या म्हणाल्या, "म्हणून तर. यांना उलट उत्तर देणारं आता घरातच उरलंय."

ते पत्र म्हणजे सरांचं एकमेव निवडणूक-आश्वासन होतं. रस्ते, नाल्या, दिवे यांबद्दल बाकीचे बोलत. सर म्हणाले होते, "भोपाळला जाऊन मी ज्या ज्या कायद्याला हात वर करीन, तो कायदा परत येऊन आपल्याला समजावून सांगीन." लोकांना वाटलं, भाषणात म्हणायची गोष्ट आहे. पण अधिवेशन संपलं की सर दुसऱ्या दिवशी गाडीने परत येत आणि स्टेशनवरून घरी न जाता कापडी पिशवीसकट थेट छापखान्यात. पिशवीत मंजूर झालेल्या विधेयकांच्या प्रती आणि वर एक टॉवेल. मागून काकूंचा फोन येई, "आले का तिकडे? जेवायला पाठव."

पत्राचा साचा ठरलेला होता. प्रत्येक विधेयकाखाली चार प्रश्न. हे काय आहे? कुणाला लागू आहे? आपल्याला काय करावं लागेल? आणि चौथा, मी काय केलं? चौथ्याचं उत्तर वाचायला लोक पत्राची वाट बघत. "मी हो म्हटलं." "मी हो म्हटलं, पण मनातून नाही." एका विधेयकाखाली त्यांनी लिहिलं होतं, "चर्चेच्या वेळी माझा डोळा लागला होता. बाक वाजले तेव्हा जागा झालो आणि मीही वाजवला. नंतर वाचलं. कायदा बरा निघाला. हे माझं नशीब."

मी म्हटलं, "सर, हे खरंच छापायचं?"

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

पत्र हिंदीत निघे. पण लष्करात अजून काही घरं आहेत जिथे म्हातारी माणसं मराठीच वाचतात. त्यांच्यासाठी सर मराठी प्रत वेगळी काढायला लावत. ते काम माझ्याकडे. मी 'आवेदन करावे लागेल' असं लिहिलं की लाल पेन येई, "आवेदन नाही. अर्ज." मी 'त्याच्या नंतर' लिहिलं की, "त्यानंतर! हे मराठी आहे की बाड्याच्या चौकातली चाट?" माझी भाची तेव्हा कॉलेजात होती. ती एकदा त्यांच्यासमोर म्हणाली, "सर, ये सब व्हॉट्सअ‍ॅप पर डाल दो ना, कशाला एवढा कागद?" सर म्हणाले, "बेटा, टाकून बघितलं. लोक अंगठा पाठवतात. पूर्वी अंगठा लावणारा म्हणजे न वाचता येणारा. आता अंगठा पाठवणारा म्हणजे वाचलेला. मला फरक कळेना."

पत्र वाटून झालं की पुढच्या शनिवारी सर आपल्या ओसरीत बसून ते मोठ्याने वाचत. गोरखीच्या बाजूने, बाड्याकडून, जवळपासच्या गल्ल्यांतून लोक येत. वाचून झालं की सर विचारत, "कुणाला नाही समजलं?" जो पहिला हात वर करी त्याला तीळगुळाच्या गजकचा तुकडा. समजलं म्हणणाऱ्याला काही नाही. परिणाम असा झाला की थंडीच्या दिवसांत आमच्या भागात कुणालाच काही समजेना. एक सेवानिवृत्त न्यायाधीश यायचे, तेही हात वर करत. काकू आतून ओरडत, "अहो, डबा संपला! आता समजलं म्हणा सगळे!"

पण छापण्याआधीची सरांची परीक्षा याहून कडक होती, आणि त्या परीक्षेतूनच पुढचं सगळं घडलं.

माझ्याकडे मशिनवर एक चाचा आहेत. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. एका कानाने कमी ऐकू येतं, पण चांगल्या कानाशी बसून वाचलं तर सगळं ऐकतात. सर पत्राचा मसुदा आधी चाचांना वाचून दाखवत. नियम एकच होता. चाचांना जांभई आली की ते वाक्य बाद. "जांभई खोटी येत नाही," सर म्हणत आणि लाल रेघ मारत. चाचांनाही या मानाचं फार अप्रूप होतं. घरी सांगत, "विधायकजी हमारी उबासी देखके कानून लिखते हैं."

दुसऱ्या वर्षी एका अधिवेशनात हातठेल्यांबद्दलचा कायदा झाला. बाजारात ठेला लावणाऱ्यांचे जागेचे परवाने, त्यांचं नूतनीकरण, असा सगळा मामला. त्यात कलम नऊ असं होतं की परवान्याची मुदत आपोआप वाढेल. मात्र परवानाधारक वारला तर घरच्या माणसाने नव्वद दिवसांच्या आत, अमुक नमुन्यात, अमुक कागद जोडून अर्ज करावा, म्हणजे जागा त्याच्या नावावर होईल. नाहीतर परवाना रद्द. सरांनी हे सगळं मसुद्यात लिहिलं होतं. मला चांगलं आठवतं. 'परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास' इथे चाचांचे डोळे मिटायला लागले आणि 'विहित नमुन्यात' इथे अशी लांबलचक जांभई आली की सर खळखळून हसले. लाल रेघ ओढली. त्याऐवजी लिहिलं, "घाबरू नका. जुने परवाने आपोआप पुढे चालू राहतील. काहीही करावं लागणार नाही." ती जुनी ओळ संगणकावरून मी माझ्या हाताने पुसली.

सहा-सात महिन्यांनी एक दिवस सर माझ्याकडेच बसले होते. दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल. मी तिला ओळखत होते. बाड्यावर तिचा नवरा कंगवे, पिना, रिबिनी, आरसे यांचा ठेला लावायचा, आणि ती दुपारी त्याचं जेवण घेऊन यायची. नाव रामश्री. हिवाळ्यात तिचा नवरा गेला होता, हेही मला माहीत होतं. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं सरांचं पत्र होतं.

"सर, घर गए थे. काकी ने कहा यहाँ मिलेंगे."

"बैठिए. क्या हुआ?"

ती बसली नाही. म्हणाली, "दफ़्तर गए थे. बाबू बोला, ठेला हटाओ, परवाना ख़तम. हमने कहा, ऐसे कैसे ख़तम, हमारे सर ने लिखके दिया है. आपकी चिट्ठी दिखा दी." ती थांबली. मग जरा हसून, जणू सरांना वाईट वाटू नये म्हणून, म्हणाली, "बाबू ने पढ़ी. फिर दूसरे बाबू को पढ़ाई. फिर दोनों हँसे."

सरांनी पत्र हातात घेतलं. एकदा वाचलं. मग पिशवीतून कायद्याची प्रत काढली, कारण जुन्या प्रतीही ते जवळ बाळगत, आणि कलम नऊवर बोट ठेवून वाचत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस स्वतःची चूक कशी वाचतो ते मी तेव्हा पाहिलं. बोट हलत नव्हतं. कान लाल झाले होते.

"माझा मसुदा आहे का अजून?" त्यांनी मला विचारलं.

होता. मी काही फेकत नाही. लाल रेघेखालचं वाक्य स्वच्छ वाचता येत होतं. चाचा मशिनजवळून उठून आले. सगळं त्यांच्या लक्षात आलं. "हमारी उबासी से हुआ ये?"

सर म्हणाले, "नहीं चाचा. उबासी आपकी थी, क़ैंची मेरी."

मग ते रामश्रीकडे वळले. हात जोडले. "यह ग़लती मेरी है. आपने मेरी बात मानी, इसलिए आपका नुक़सान हुआ. जब तक ठीक नहीं होता, आपका ठेला मेरे दरवाज़े पर लगेगा." ती कसंनुसं हसली. तिला वाटलं, मोठी माणसं बोलतात तसं बोलताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः बाड्यावर गेले आणि तिच्याबरोबर ठेला ढकलत गल्लीतून घरापर्यंत घेऊन आले. रस्त्यात माजी विद्यार्थी पाया पडायला वाकत, तर सर म्हणत, "पाय राहू द्या, पलीकडून धरा."

त्यानंतर पाच महिने तो ठेला सरांच्या फाटकाशी उभा होता. सहीसाठी, शिफारशीसाठी येणारा प्रत्येक जण रिकाम्या हाती आत जायला लाजू लागला. आमच्या भागातले सगळे कार्यकर्ते त्या काळात नीट भांग पाडून हिंडत. सरांना स्वतःला एक केस नव्हता, तरी दर शनिवारी ते एक कंगवा घेत. काकू म्हणत, "डोक्यावर केस नाहीत तर नाहीत, घरात कंगव्याचे दात तरी वाढताहेत."

पण मुख्य गोष्ट ती नाही. मुख्य गोष्ट ही की रामश्री आली त्याच संध्याकाळी सरांनी माझ्यासमोर बसून शुद्धिपत्र लिहिलं. ते म्हणाले, "ज्या ज्या घरी ते पत्र गेलं, त्या त्या घरी हे जायला हवं. एका घरी चुकीचं उत्तर राहिलं तरी पेपर चुकीचाच."

शुद्धिपत्रात त्यांनी कलम नऊ पूर्ण दिलं. खाली लिहिलं, "हे कलम मी वाचलं होतं. मला समजलंही होतं. पण वाचताना ऐकणाऱ्याला जांभई आली म्हणून मी ते पत्रातून काढलं आणि त्याजागी खोटी खात्री लिहिली. माझ्यावर विश्वास ठेवल्यामुळे ज्यांची मुदत हुकली असेल त्यांनी मला येऊन भेटावं. ते येऊ शकत नसतील तर मी येईन. मागच्या पत्राला मी दहापैकी दोन गुण देतो. दोन अक्षराचे."

ते मशिनवर चढायच्या आत पक्षाचे एक पदाधिकारी छापखान्यात हजर झाले. बातमी कुठून गेली माहीत नाही. गोरे, गुबगुबीत, फार गोड बोलणारे गृहस्थ. प्रूफ वाचून त्यांनी घाम पुसला.

"सर, विधायक लोग भूल-सुधार नहीं छापते."

"क्यों, भूल नहीं करते?"

"करते हैं, सर. छापते नहीं."

"तो लोगों को पता कैसे चलेगा?"

"सर," ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "यही तो."

सरांनी त्यांना चहा दिला, बाहेरपर्यंत सोडायला गेले, आत आले आणि चाचांना म्हणाले, "चलाइए." चाचांनी मशिन सुरू केलं. त्या दिवसानंतर, एक सांगायचं राहिलं, चाचांनी सरांसमोर कधीच जांभई दिली नाही. मसुदा वाचायला सुरुवात झाली की ते टेबलाखाली मांडीला चिमटे काढून घेत. परीक्षेत कॉपी पकडल्यासारखे सर चिडत, "चाचा, आप नक़ल कर रहे हैं!"

शुद्धिपत्र वाटायला सर स्वतः निघाले. स्कूटर त्यांची, मागे मी गठ्ठा धरून. ठेलेवाल्यांची वस्ती जिथे जिथे होती तिथे तिथे ते जाऊन विचारत, "आपके यहाँ किसी की मौत हुई है क्या, पिछले साल?" हा प्रश्न ज्या उत्साहाने ते विचारत, त्याने दोन ठिकाणी लोक अंगावर धावून आले. मी पुढे होऊन समजावायचे. आठवडाभरात रामश्री धरून सात जण सापडले. कुणाचा बाप गेला होता, कुणाचा भाऊ. एकाने सरांना तोंडावर सांगितलं, "आप न लिखते तो हम पूछने चले जाते." परत येताना स्कूटर त्यांनी फार हळू चालवली. घराजवळ आल्यावर म्हणाले, "बरोबर बोलला तो. मी काहीच लिहिलं नसतं तर त्याचं काम झालं असतं." मी म्हटलं, "सर, आपण लिहिणं बंद करणार का?" ते म्हणाले, "नाही. पण भीती वाटायला लागली. ती आधी वाटायला हवी होती."

तोवर विरोधकांच्या हाती शुद्धिपत्र पडलंच होतं. बाड्यावर मोठा फ्लेक्स लागला. वर सरांचा जांभई देतानाचा फोटो, देव जाणे कुठून मिळवला, आणि खाली हिंदीत, "उबासी आई तो क़ानून काट दिया! ऐसी त्रुटी का ज़िम्मेदार कौन?" सगळं लष्कर तो बघायला लोटलं. सरही गेले. मी बरोबर होते. मला वाटलं, आता यांना लागणार. सर मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"बघितलंत? 'त्रुटी'. दीर्घ लिहिलंय. मराठीत बरोबर आहे, हिंदीत चूक. हिंदीत ऱ्हस्व."

तिथूनच त्यांनी विरोधी पक्षाच्या शहराध्यक्षाला फोन लावला. तोही त्यांचाच विद्यार्थी. "बैनर अच्छा है. बात भी सही है. बस 'त्रुटि' में छोटी मात्रा कीजिए. बच्चे आते-जाते पढ़ते हैं." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस शिडी लावून वर चढला आणि त्या शब्दावर दुरुस्तीची पट्टी चिकटवून गेला. त्यानंतर त्या फ्लेक्सची धारच गेली. लोक थांबून पट्टी दाखवत आणि हसत.

आता अडचण अशी होती की कायद्यात उशीर माफ करायची सोयच नव्हती. दफ्तरातले बाबू हसले होते खरे, पण त्यांचेही हात बांधलेले होते. सर दोनदा भोपाळला जाऊन मंत्र्यांना भेटले. मंत्र्यांनी पेढा दिला. तिसऱ्यांदा सर गेले ते अधिवेशनालाच, आणि सभागृहात उभे राहिले. त्याचा व्हिडिओ नंतर लष्करात घरोघरी फिरला, म्हणून मला तो शब्दन् शब्द पाठ आहे.

"अध्यक्ष महोदय, ठेलेवालों के क़ानून पर मैंने हाँ कहा था. क़ानून में ग़लती नहीं है. ग़लती मेरी चिट्ठी में है. मेरी चिट्ठी पढ़कर सात परिवार नब्बे दिन चूक गए."

सभागृहात हशा झाला. कुणीतरी बाक वाजवला. मंत्री उठले. तेही हसत होते. "तो माननीय सदस्य अपनी चिट्ठी के लिए सदन से क्या चाहते हैं?"

"सप्लीमेंट्री, महोदय."

आता आमच्याकडे सप्लीमेंट्री म्हणजे काय ते पोराटोरांना माहीत. एखाद्या विषयात नापास झालं की पुन्हा एकदा बसू देतात, ती परीक्षा. सगळं सभागृह दोन्ही बाजूंनी हसायला लागलं. सर हसले नाहीत. हशा थांबेपर्यंत वाट बघून ते म्हणाले, "मेरे लिए नहीं. मैं तो फ़ेल हूँ, मंज़ूर है. उन सात के लिए. और उनके लिए जो आगे कभी चूकेंगे. ग़रीब आदमी के घर मौत होती है तो नब्बे दिन रोने में निकल जाते हैं. उसे एक मौक़ा और मिलना चाहिए."

आणि ते खाली बसले. 

दोन ओळींची दुरुस्ती होती. योग्य कारण असेल तर उशिरा आलेला अर्जही घ्यावा, इतकीच. ती लगेच झाली नाही. त्याच्या पुढच्या अधिवेशनात, इतर पाच-सहा दुरुस्त्यांबरोबर, कुणाचं लक्षही नसताना मंजूर झाली. सर म्हणाले की तेव्हा सभागृहात मोजकेच लोक होते आणि त्यांतले बरेच जेवणाचं बोलत होते. सर मात्र पेंगले नाहीत.

त्या वेळच्या पत्रात चौथ्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, "मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं. अध्यक्षांनी सांगितलं, एकदा पुरे." आणि पत्रात एक नवी चौकट आली होती. तिचं शीर्षक, 'कंटाळवाणं पण जरुरीचं'. जांभईत गळालेली सगळी वाक्यं आता तिथे, नमुना, कागद, मुदत यांच्यासकट. गंमत म्हणजे लोक आधी तीच चौकट वाचायला लागले.

रामश्रीचा परवाना तिच्या नावावर झाला त्या दिवशी ती पेढे घेऊन आली नाही. ती बाबूची सही-शिक्का असलेला कागद घेऊन आली आणि सरांना म्हणाली, "पहले आप पढ़के बताओ, सही है कि नहीं. दो बार पढ़ना." सरांनी दोनदा वाचला. मग काकूंकडे दिला. काकूंनी माझ्याकडे. तिघांनी वाचल्यावर तिने तो ब्लाउजात ठेवला आणि ठेला बाड्यावर न्यायला वळली. काकू फाटकापर्यंत गेल्या. पाच महिने दुपारचा चहा दोघी मिळून प्यायल्या होत्या. काकू म्हणाल्या, "अब फाटक सूना लगेगा." तर रामश्री म्हणाली, "तो बाड़े पे आ जाना, काकी. सर को मत लाना, भीड़ लगा देते हैं."

पुढच्या निवडणुकीत सरांचं तिकीट कापलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. यादी जाहीर झाली तेव्हा ते माझ्याकडे शेवटच्या पत्राचं प्रूफ बघत होते. फोन एकसारखा वाजत होता. ते म्हणाले, "आधी मजकूर." सगळं वाचून झाल्यावर सहीच्या जागी आले. तिथे नेहमी 'आपला विधायक' असं असायचं. थोड्याच दिवसांत ते विधायक राहणार नव्हते. त्यांनी 'विधायक' या शब्दावर लाल रेघ मारली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

"सर, नुसतं 'आपला' वाचायला अर्धवट वाटतं," मी म्हटलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "तेवढं खरं आहे."

मी ते तसंच छापलं. चाचा त्या दिवशी मशिन बंद केल्यावर ते बराच वेळ फडक्याने पुसत बसले.

पक्षाने ज्याला तिकीट दिलं तो चाळिशीतला, उमदा, गॉगल घालणारा मुलगा होता. अर्थात सरांचाच विद्यार्थी. प्रचाराच्या पहिल्या दिवशी त्याची मिरवणूक सरांच्या गल्लीतून निघाली. ढोल, ताशे, उघडी जीप, झेंडूच्या माळा. मी काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते, म्हणून सगळं बघितलं. सर ओसरीच्या पायरीवर चहा पीत बसले होते. जीप थांबली. उमेदवाराने उडी मारली, गॉगल काढून खिशात ठेवला आणि येऊन पाया पडला.

"सर, आशीर्वाद दीजिए."

"आशीर्वाद है. अपना घोषणापत्र पढ़ा आपने?"

तो हसला. "सर, आप भी. मैं आप ही का स्टूडेंट हूँ."

"इसीलिए पूछ रहा हूँ."

मागे ढोल चालू होते. फोटोवाला पुढे आला होता. उमेदवाराने इकडे तिकडे बघितलं, मग हाताने ढोल थांबवायची खूण केली. कार्यकर्त्याकडून जाहीरनाम्याची पुस्तिका मागवली आणि सरांच्या शेजारी, इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यासकट, पायरीवर बसला. मोठ्याने वाचायला लागला. पहिलं पान त्याने भाषणासारखं वाचलं. दुसरं जरा हळू. ढोलवाल्यांनी गळ्यातले पट्टे सैल करून ढोल खाली ठेवले आणि तेही ऐकू लागले. काकूंनी आतून कपांचा ट्रे पाठवला, मीच घेऊन गेले.

तिसऱ्या पानावर तो अडखळला. तीच ओळ पुन्हा वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, ये वाला तो मेरे को भी नहीं पता था."

सर पायरीवर थोडे सरकले, त्याला नीट बसता यावं म्हणून.

"कोई बात नहीं," ते म्हणाले. "अभी वक़्त है. यहीं से फिर पढ़िए."